विजयदुर्गच्या धक्क्याजवळची खानावळ, शिडाच्या होडीने येणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार, आणि हे मी जेवणासाठी एकट्या देत नाहीये. गाडीने येऊन किल्ला बघून थाळी खाऊन दोन तासात परत जाणाऱ्यांनी या खानावळीवर आधीच बरंच लिहिलंय, पण होडीने येणाऱ्या माणसाला बंदरात काय लागतं आणि ते इथे कसं मिळतं यावर कुणीच काही लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितेय. आमच्या ओळखीत हिवाळ्यात मुंबईहून खाली गोव्याला, कारवारला शीड लावून जाणारे आता वाढतायत आणि प्रत्येकजण विचारतो की रात्री नांगर कुठे टाकायचा, पाणी कुठे भरायचं, आंघोळ कुठे करायची. माझं उत्तर एकच असतं, विजयदुर्गला थांबा आणि ही खानावळ चालवणाऱ्या काकींकडे जा. खानावळीला पाटी नाही, घराच्याच पुढच्या पडवीत टेबलं मांडलीयत, घरच्यांना नाव-नंबर असा सगळीकडे टाकलेला आवडत नाही त्यामुळे टाकत नाही, पण धक्क्यावर उतरून कुणालाही "होडीवाले जेवतात ते घर" विचारा, शाळकरी पोरगं पण आणून सोडेल.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा आणि त्याचे दोन मित्र, तीस फुटी फायबरची होडी, एक डोलकाठी, छोटं डिझेल इंजिन. डिसेंबरात दत्तजयंतीनंतर निघालो, जाताना एकदा इथे थांबलो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परतीच्या वाटेवर मुद्दाम परत थांबलो. रिव्ह्यू खरं तर त्या दुसऱ्या थांब्याचा आहे, कारण पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याशी सगळेच चांगलं वागतात, परत आल्यावर काय होतं त्यावर कळतं.

आधी बंदराबद्दल, कारण बंदर चांगलं नसेल तर खानावळ कितीही चांगली असून होडीवाल्याला उपयोग नाही. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडावर वाळूचा उथळ पट्टा असतो, भरती बघून आत जावं लागतं आणि लाटा असल्या की तिथेच पाणी फुटतं. विजयदुर्ग ज्या खाडीच्या तोंडाशी आहे त्या वाघोटणच्या खाडीला तो त्रास नाही. किल्ला दक्षिणेकडच्या टोकावर समुद्रात घुसलेला आहे, त्याला वळसा घालून आत शिरलं की लगेच पाणी शांत होतं, आणि हे आम्ही अक्षरशः अनुभवलं, बाहेर होडी इतकी हलत होती की चहाचा कप हातातून सोडता येत नव्हता आणि किल्ल्याच्या आडोशाला आल्यावर पाच मिनिटात स्टोव्हवर भांडं नीट उभं राहिलं. आंग्र्यांनी आरमार इथे का ठेवलं हे पुस्तकात वाचून जितकं कळत नाही तितकं या वळणावर कळतं. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एक झाले आणि वॉटसन-क्लाइव्हच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांची जहाजं याच खाडीत जाळली, हे आठवून मला दरवेळी फार वाईट वाटतं. त्या पाण्यावर आपली होडी उभी आहे हे डोक्यातून जात नाही.

एक सूचना मात्र आत्ताच देते. किल्ल्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, जवळून जायचं नाही. खडक आहेत, आणि पाण्याखाली जुनी बांधलेली भिंतही आहे असं सगळे सांगतात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिचा अभ्यास केलेला आहे. फोटोसाठी म्हणून बुरुजाजवळ जाऊ नका. लांबून वळसा घ्या.

आता परतीचा दिवस. मालवणहून उजाडल्यावरच निघालो कारण तिथल्या खडकांतून अंधारात बाहेर पडणं शहाणपणाचं नाही. विजयदुर्ग तिथून साधारण तीस नॉटिकल मैल. सकाळी मतलई होती, जमिनीवरून येणारा गार वारा, उजव्या अंगाने भरून घेत किनाऱ्याजवळून होडी मस्त पळत होती, आचऱ्याच्या पुढे तर इंजिन पूर्ण बंद. मग नेहमीसारखं झालं, देवगडच्या अलीकडेच मतलई पडली, तासभर काहीच नाही, समुद्र तेलकट गुळगुळीत, आणि मग वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर. हिवाळ्यात उत्तरेकडे परत येणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं, दुपारनंतर एकेक मैल भांडून घ्यावा लागतो. त्यात फेब्रुवारीत कधीकधी लांबून, पार इराणच्या आखाताकडच्या वाऱ्यांनी उठलेल्या लाटा येतात, त्या दिवशी त्या होत्या. आणि देवगड ओलांडल्यावर मेनसेलची, म्हणजे मुख्य शिडाची, शिवण उसवली, आधी वीतभर आणि बघता बघता हातभर, मग शीड अर्धं उतरवून इंजिनवर आलो. बुरूज दिसायला लागला तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि चौघंही मिठाने पांढरे झालो होतो.

आत शिरलो तर एक छोटी होडी वल्हं मारत आमच्याकडे आली. डिसेंबरात ज्यांनी नांगराची जागा दाखवली होती तेच तांडेल (मच्छीमार होडी चालवणारे) काका. मी हात केला तर ते हातानेच बाजूला व्हा अशी खूण करत ओरडले, "थंय नको, बोटींची वाट आसा, हय येवा, चिखल बरो आसा." त्यांच्या मागोमाग गेलो आणि त्यांनी दाखवली तिथे नांगर सोडला, खोलीच्या पाचपट साखळी, इंजिन मागे घेऊन ओढून बघितलं, जराही हलला नाही. काका तरी गेले नाहीत. भरती-ओहोटीला होडी फिरली की मागच्या ट्रॉलरला लागते का ते अंदाजाने मोजलं, किल्ल्याचा एक बुरूज आणि मागचं एक झाड रेषेत धरून दाखवलं, ही रेष मोडली तर नांगर सरकला असं समजायचं, आणि रात्री उठलात की हीच खूण बघायची, असं सांगून मग वळले. याचे पैसे घेत नाहीत, आम्ही विचारलं तेव्हा चक्क रागावले. मोबाईलवर अँकर अलार्मचं ॲप आमच्याकडे आहे पण त्या रात्री मी दोनदा उठून झाड आणि बुरूजच बघितला.

आणि काकी! धक्क्याच्या पायऱ्या चढून घरापर्यंत पोचायच्या आधीच त्यांना आम्ही आल्याचं कळलं होतं, दारातच उभ्या होत्या. "इलंस गो? पाणी तापत ठेवलंय, पयली आंघोळ कर." ना कोण, ना कुठले, ना किती दिवस राहणार. मागच्या खेपेला मी कधीतरी बोलता बोलता म्हटलं होतं की होडीवर सगळं जमतं पण केस धुता येत नाहीत, गोडं पाणी मोजून वापरावं लागतं, ते त्यांच्या लक्षात होतं, मला दोन बादल्या आणि बाकीच्यांना एकेक. चुलीवर तापवलेलं पाणी, त्याला धुराचा वास असतो, अंगावर घेतल्यावर काय बरं वाटतं हे ज्याने आठवडाभर खाऱ्या पाण्याने अंग पुसलंय त्यालाच कळेल. आंघोळीचे माणशी पन्नास रुपये घेतात. कपडे धुवून हवे असतील तर वेगळे सांगायचे, अंगणात दोरीवर वाळत घालतात, खारे कपडे दोनदा पिळतात हे मी स्वतः बघितलंय.

जेवणाबद्दल आता जरा नीट लिहिते. मेनू कार्ड नाही. सकाळी जे मासे मिळाले ते, आणि ते काकी स्वतः जाऊन आणतात. त्या रात्री कालवं होती, ओहोटीला खाडीतल्या खडकांवरून बायका कोयत्याने फोडून काढतात ती, आणि थंडीत ती चांगली भरलेली असतात. त्यांचं सुकं केलं होतं, कांदा भरपूर, थोडं ओलं खोबरं, मालवणी मसाला बेताचा, आणि कोकम. कालवं जास्त शिजवली की रबरासारखी होतात, बहुतेक हॉटेलांत तशीच मिळतात. इथे पहिला घास घेतला तर मऊ, समुद्राची चव तशीच आत, आणि मसाला नंतर येतो. काकींनी सांगितलं की त्या कालवांचं सुटलेलं पाणी टाकत नाहीत, त्यातच शिजवतात, वरून पाणी एक थेंब नाही. सोबत तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. तिरफळं ठेचून शेवटी घालतात, आधी घातली की कडवट होतं म्हणे. एक मित्र पुण्याचा आहे, मासे खातो पण काट्याला घाबरतो, त्याला काकींनी न सांगता सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, कढी वाढली. त्याला काय खाता येतं हे डिसेंबरपासून त्यांच्या लक्षात होतं की त्यांनी तेव्हाच ताटाकडे बघून ओळखलं ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. आणि दुपारी ओल्या काजूची उसळ, तेव्हा नुकते यायला लागले होते, सोलायला प्रचंड किचकट काम असतं, सालीच्या चिकाने हात सोलवटतात, पण उसळीत कंजूषपणा अजिबात नाही, वाटीत काजूच काजू. साधी थाळी अडीचशे-तीनशे, सुरमई किंवा सरंगा असेल तर त्या दिवसाच्या भावाप्रमाणे आणि भाव आधी सांगतात. कालवं वेगळी. चौघांचं रात्रीचं पोटभर जेवण चौदाशेच्या आत झालं. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी, भात आणि एखादी भाजी मिळते, तीही चांगली, पण आदल्या दिवशी सांगा.

शिडाची गोष्ट राहिली. आम्हाला वाटलं होतं की आता टेप लावून रत्नागिरी गाठायची आणि मग मुंबईपर्यंत इंजिनवरच यायचं. जेवताना विषय निघाला तर काकींचे सासरे, वय बरंच आहे, पडवीच्या कोपऱ्यात बसून ऐकत होते, म्हणाले शीड उद्या सकाळी घेऊन या. ते तरुणपणी मचव्यावर, म्हणजे मालवाहू शिडाच्या होडीवर, होते, कौलं, लाकूड, मिठाच्या फेऱ्या केलेल्या, मुंबईची बोट विजयदुर्गला लागायची तेव्हाचे, तेव्हा सुती शीडं घरीच शिवायचे. सकाळी अंगणात चटई टाकून शीड पसरलं. आधी त्यांनी कापड दोन बोटांत धरून बराच वेळ बघितलं, नखाने ओढून बघितलं, हे सुती नाही, यात भोक मोठं पडलं तर ते तिथून फाटत जाणार, म्हणून मोठं दाभण बाजूला ठेवून लहान मागवलं. दोरा मेणावरून ओढून घेतला. मग उसवलेल्या दोन्ही कडा जुन्या टाक्यांच्या रेषेवर आणून एक टीप घातली आणि परत उलट येऊन दुसरी, पहिल्या टाक्यांच्या मधल्या जागेत. प्रत्येक टाका सारखा ओढलेला, कुठे चुणी नाही. दोन ठिकाणी शिवण उसवायच्या बेतात होती पण आम्हाला दिसलीच नव्हती, तीही त्यांनी बोटाने चाचपून शोधली आणि शिवली. दोन-अडीच तास लागले. त्यांनी पाचशे रुपये सांगितले, आम्ही पाचशे दिले, आणि ते शीड पुढे मुंबईपर्यंत वायव्येच्या वाऱ्यात खेचून आणलं, एक टाका हलला नाही. मुंबईत ज्यांच्याकडून आम्ही शिडाची कामं करून घेतो त्यांनी ती शिवण बघितली आणि ती काढायची गरज नाही म्हणाले.

इथे मला तुलना करावीशी वाटते. याच ट्रिपमध्ये गोव्यात एका ठिकाणी आम्ही पैसे भरून होडी लावली होती, नाव लिहीत नाही, तिथे सगळं होतं, नळ, लाईट, वायफाय, गेटवर युनिफॉर्मवाला वॉचमन. पण पाण्याचा पाइप मागायला तीन माणसांकडे जावं लागलं आणि शेवटी फॉर्म भरा म्हणाले, आणि रात्री शेजारची होडी सुटून आमच्यावर आली तेव्हा एकही माणूस आला नाही. विजयदुर्गला यातली एकही सोय नाही आणि मला झोप कुठे शांत लागली ते सांगायलाच नको. आपल्या किनाऱ्यावर मरिना व्हायला हव्यात असं सगळे म्हणतात, मीही म्हणते, जरूर व्हाव्यात. पण त्या होतील तेव्हा नोकरीवर या तांडेल काकांसारखी माणसं घ्या, ज्यांना तळाला चिखल कुठे आणि खडक कुठे हे माहीत आहे आणि परक्याची होडी सरकली तर ज्यांना घरी झोप येत नाही.

पाण्याचं आणि डिझेलचं. पिण्याचं पाणी काकींच्या विहिरीचं, वीस लिटरचे कॅन भरून हातगाडीवर धक्क्यापर्यंत पोचवतात, तिथून पुढे आपल्या डिंगीतून (होडीबरोबरची छोटी होडी). आम्ही ते तसंच प्यायलो आणि काही झालं नाही, पण पोट नाजूक असेल तर उकळून घ्या. डिझेल रिक्षाने आणून देतात, पंपाची पावती देतात आणि रिक्षाचं भाडं वेगळं घेतात. बर्फ सकाळी लवकर मासळीच्या वेळेला सांगितला तर मिळतो. डिंगी धक्क्याला बांधून दिवसभर किल्ल्यावर गेलो होतो, वल्ही, पेट्रोलचा डबा सगळं तसंच आत, परत आलो तर ओहोटीमुळे डिंगी पायऱ्यांवर लटकू नये म्हणून कुणीतरी दोर सैल करून परत बांधलेला होता.

अर्धा स्टार का कापला तेही सांगते. संडास-बाथरूम एकच आहे आणि ते घरच्यांचंही तेच, त्यामुळे चौघांची आंघोळ आटपायला दीड तास गेला आणि तेवढा वेळ घरचे खोळंबले, मलाच कसंतरी झालं. बाहेरच्यांसाठी एक वेगळं बांधलं तर फार बरं होईल, काकींनाही मी तसं म्हटलं. जेवण सांगितल्यापासून तास-सव्वा तास धरून चाला, घाई करून उपयोग नाही. कार्ड चालत नाही, यूपीआय आहे पण रेंजच्या भरवशावर, रोख ठेवा. आणि धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर ओहोटीला शेवाळ उघडं पडतं, हातात कॅन घेऊन तिथे उतरू नका, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर पाणी दोन मीटरहून जास्त खाली जातं, तेव्हा डिंगीची वेळ भरतीला जमवून घ्या. पट्ट्याची चप्पल घाला.

वेळ असेल तर एक दिवस जास्त ठेवून गिर्येला जा. खडकात खोदलेली जुनी गोदी तिथे खाडीच्या काठावर आहे, आंग्र्यांच्या काळातली, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरड्यावर काम करायचं. कातळ फोडून केलेल्या त्या जागेत उभं राहिलं की आजही काम कसं चालत असेल ते डोळ्यांना दिसतं. आम्ही डिंगीने गेलो, भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर परत, इंजिन लागलंच नाही. पाटी-बिटी नावाला, गवत वाढलेलं, आजूबाजूला प्लास्टिक. इतकी मोठी गोष्ट आपल्याकडे आहे आणि तिची ही अवस्था बघून मन फार खट्टू झालं. जवळच रामेश्वराचं देऊळ आहे, कातळ कापून केलेल्या वाटेने खाली उतरायचं, तिथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. दुपारच्या उन्हातही ती वाट गार असते.

आणि सकाळ. फेब्रुवारीत पहाटे मतलई सुटते ती सड्यावरून, आंब्याच्या बागांवरून येते, नांगरावर झोपलेल्या माणसाला मोहराचा वास सरळ केबिनमध्ये येतो. देवगडचा हापूस सगळ्यांना माहीत आहे पण हा वास मी तरी होडीवर असतानाच इतका घेतलाय. निघायच्या दिवशी चार वाजताच उठलो, मतलईवर जितकं उत्तरेला जाता येईल तितकं जायचं होतं, रत्नागिरी सव्वीस-सत्तावीस मैल. काकींनी आदल्या रात्रीच भाकऱ्या, सुकटाची चटणी आणि एका डब्यात सोलं (वाळवलेली कोकमं) बांधून दिली होती, वाटेत कढी करा म्हणून. सोलांचे पैसे बिलात धरले नव्हते, मी विचारून दिले. तुम्हीही विचारून द्या, त्या स्वतःहून मागत नाहीत आणि होडीवाल्यांनी ते गृहीत धरू नये.

जायचं असेल तर मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, पण वाऱ्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. रात्री शिरू नका, खाडीच्या बाहेर जाळी टाकलेली असतात, त्यांच्या बोयांना दिवे नसतात आणि पंख्यात जाळं अडकलं तर आपलाही दिवस जातो आणि त्या मच्छीमाराचंही नुकसान होतं. होडीचे नोंदणीचे कागद आणि सगळ्यांची आधार कार्डं बरोबर ठेवा, सागरी पोलीस विचारतात, आमच्याकडे विचारली, नीट बघितली आणि वर हवामानाचा अंदाजही सांगून गेले. जेवायला येणार हे निदान दुपारी दोनच्या आत कळवा. नंबर नसला तरी चालतं, आदल्या बंदरात कुठल्याही ट्रॉलरवाल्याला सांगितलं की निरोप पोचतो, आमचा मालवणहून तसाच पोचला होता.